खिशातला चाकू आणि धारेचा कोन : तुम्ही किती अंशांवर लावता?

कातळवाट

घडीचा चाकू रोज खिशात किंवा सॅकच्या पुढच्या कप्प्यात बाळगणारे इथे बरेच आहेत, हे ट्रेकच्या धाग्यांवरून माहीत आहे. कोणता घ्यावा यावर भरपूर लिहून झालं. धारेवर मात्र कुणी फारसं लिहीत नाही. चाकू नवा असतो तोवर सुतळी, खोके, कलिंगड सगळं कापतो, मग बोथट होतो आणि कपाटात जाऊन पडतो. चांगल्या वस्तूचं असं होऊ नये असं मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं एवढंच आहे की कंपनी आणि स्टील यांच्यापेक्षा धारेचा कोन आणि धारेच्या लगेच मागची जाडी यांवर कापणं जास्त ठरतं. साध्या स्टीलचा पातळ, नीट कोनात लावलेला चाकू महागड्या जाड चाकूपेक्षा सफरचंद सुरेख चिरतो. जाड चाकूने फोड निघत नाही, फळ उकलतं.

मी स्वतः दोन वापरतो. एक ओपिनेल आठ नंबर, कार्बन स्टीलचा. फ्रान्सच्या साव्हॉय भागात 1890 पासून बनतोय, पातं साडेआठ सेंटीमीटर. दुसरा व्हिक्टोरिनॉक्सचा, मिटल्यावर 91 मिमी लांब असलेला लाल चाकू. त्याचं स्टील मऊ, कडकपणाच्या मापात 56 रॉकवेलच्या आसपास, त्यामुळे धार लवकर बसते आणि तितकीच लवकर उतरते. व्हिक्टोरिनॉक्स स्वतः प्रत्येक बाजूला 15 ते 20 अंश सांगते. मी दोन्ही चाकू 17 च्या जवळपास ठेवतो. ट्रेकला लाकूड सोलायचं, फांदी छाटायची असेल तर 20.

आता 17 अंश हातात कसे आणायचे? कागदाचा काटकोनी कोपरा घ्या. एकदा दुमडला की 45, पुन्हा दुमडला की साडेबावीस, तिसऱ्यांदा सव्वाअकरा. शेवटच्या दोन घड्यांच्या बरोबर मधे तुमचे 17 अंश. ती पाचर दगडाशेजारी उभी धरून पात्याचा कल डोळ्यांत बसवायचा.

याहून नेमकं हवं असेल तर पात्याची पाठ किती उचलायची ते मोजा. पात्याची रुंदी गुणिले कोनाचा साइन. रुंदी 20 मिमी असेल तर 15 अंशांना साधारण 5.2 मिमी, 17 ला 5.8, 20 ला 6.8. ही उंची पाठीच्या जाडीच्या मध्यापर्यंतची आहे. पाठ अडीच मिमी जाड असेल तर खालची फट सव्वा मिमीने कमी धरा. मी नाण्यांची चळत लावतो. दहा नाणी एकावर एक ठेवून पट्टीने मोजायची आणि दहाने भागायचं, की एका नाण्याची जाडी मिळते. सुरुवातीला चळतीवर पाठ टेकवून कोन बघायचा, मग नाणी बाजूला काढून हात चालवायचा.

आणि मार्कर! धारेच्या उतारावर, म्हणजे धारेलगतच्या घासलेल्या तिरक्या पट्टीवर, काळ्या मार्करने रंगवा, दगडावर दोन-तीन हलके हात मारा आणि उजेडात बघा. शाई उताराच्या वरच्या कडेला, पाठीच्या बाजूने पुसली गेली असेल तर तुम्ही पातं फार आडवं धरताय. फक्त अगदी टोकाच्या धारेवर पुसली गेली तर फार उभं. पूर्ण उतारावर सारखी गेली तर कंपनीचा कोन सापडला. पात्याच्या गोलाईशी आलात की मूठ किंचित वर उचलावी लागते. टोकाजवळची शाई जशीच्या तशी राहते ती हे न केल्यामुळे.

आकडा 16 आहे की 18 याने फार बिघडत नाही. दर हाताला तोच कोन पडला पाहिजे. तुमचे कोन, दगड, पद्धती लिहा.

श्रावणी_स

उपयुक्त धागा. एक शंका. माझ्याकडे दोन सिरॅमिक दांड्या उभ्या खोचायचा संच आहे, त्यावर 30 आणि 40 लिहिलंय. तुम्ही 17 म्हणताय. मग 40 वर लावली तर धार अगदीच जाड नाही का होणार?

कातळवाट

नाही ताई. तुमच्या संचावरचा आकडा दोन्ही बाजू मिळून आहे. 40 म्हणजे दर बाजूला 20, 30 म्हणजे दर बाजूला 15. निम्मे वाद या एका गोष्टीवरून होतात, म्हणून या धाग्यावर सगळ्यांनी दर बाजूचाच आकडा लिहावा ही विनंती.

तुमच्या संचावर एक सोपी युक्ती करता येईल. आधी 30 च्या खाचांत मागचा उतार पातळ करून घ्या, मग शेवटचे चार-पाच अगदी हलके हात 40 च्या खाचांत. मागे पातळ, धारेवर बारीकसा भक्कम उतार. पुढच्या वेळी फक्त 40 चे हात पुरतात.

टूलरूम

चिंचवडला डाय-पंचच्या कामात आयुष्य गेलं, त्यामुळे स्टीलबद्दल थोडं लिहितो.

ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच फोल्डिंग चाकूंवर डी-टू असं स्टीलचं नाव लिहिलेलं असतं. आपल्याकडे टूलरूममध्ये ज्याला एचसीएचसीआर (हाय कार्बन, हाय क्रोमियम) म्हणतात त्याच घराण्यातलं. दीड टक्क्याच्या आसपास कार्बन, बारा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम. पंचला उत्तम, कारण त्यात क्रोमियम कार्बाइडचे कठीण कण असतात आणि झीज कमी होते. पण हेच कण मोठे असतात. धार फार पातळ केली की कणाला मागून आधार उरत नाही, तो निखळतो आणि धारेला बारीक खड्डे पडतात. भिंगातून बघा, करवतीसारखी दिसते. म्हणून डी-टू मी 20 च्या खाली नेत नाही. कातळवाट यांचे 17 त्यांच्या व्हिक्टोरिनॉक्सला ठीक, सगळ्यांनी डोळे झाकून घेऊ नयेत.

दुसरं, हार्डवेअरच्या दुकानातला दोन बाजूंचा कार्बोरंडम दगड डी-टूवर चालतो, पण वेळ खातो. डायमंड प्लेट घ्या. 400 आणि 1000 पुरे (आकडा जितका मोठा तितका कण बारीक).

तिसरं, बारा टक्के क्रोमियम वाचून डी-टू स्टेनलेस समजू नका. बरंचसं क्रोमियम त्या कार्बाइडमध्ये अडकलेलं असतं. लिंबू कापून तसाच मिटून ठेवला तर डाग पडणारच.

कातळवाट

काका, डी-टूबद्दल पूर्ण मान्य. फक्त एक जोडतो. 20 वर ठेवतानाही मागची जाडी कमी करता येते. 15 वर मागचा खांदा, म्हणजे उतार संपतो ती कड, उतरवायचा आणि धार 20 वरच ठेवायची. कणाला आधार राहतो आणि चाकू भाजीत अडकत नाही. बाजारातले बरेच डी-टू चाकू मागे इतके जाड असतात की 20 अंशांची धारसुद्धा गाजरात पाचरीसारखी बसते.

टूलरूम

हे चालेल. मागची जाडी कमी करणं वेगळं आणि धार पातळ करणं वेगळं, हा फरक लिहिलात ते बरं झालं.

बागायतदार_देवगड

आमच्याकडे खिशातला चाकू म्हणजे कलमाचा चाकू. कोकणात शौक म्हणून नव्हे तर कामासाठी रोज घडीचा चाकू बाळगणारा माणूस शोधायचा तर तो कलमं बांधणारा. त्याच्या धारेचं गणित तुमच्यापेक्षा निराळं आहे.

कलमाच्या चाकूला उतार एकाच बाजूला असतो. दुसरी बाजू सपाट. पाचर कलमाला काडीचे दोन काप घ्यावे लागतात, आणि ते आरशासारखे सपाट हवेत. काप जरा वाकडा किंवा खडबडीत झाला तर खुंट आणि काडीची साल एकमेकांना लागत नाही, मधे हवा राहते, कलम सुकतं. दोन्ही बाजूंनी उतार असलेला चाकू काडीत शिरताना बाहेर ढकलला जातो आणि काप आतून गोल होतो. एका बाजूने सपाट असलेला सरळ जातो.

त्यामुळे लावताना सपाट बाजू दगडावर पूर्ण आडवी टेकवायची. पाठ केसभरही उचलायची नाही. सगळं काम उताराच्या बाजूने. मी वीस-बावीस अंश ठेवतो, पण ते एकाच बाजूचे, म्हणजे एकूणही तेवढेच. तुमच्या हिशेबात दर बाजूला दहा-अकरा झाले. ओल्या काडीशिवाय दुसरं काही कापायचं नाही म्हणून ते टिकतात. याच चाकूने कुणी सुंभ कापायला घेतला की मी हातातून काढून घेतो.

डावखुऱ्या माणसाला उतार दुसऱ्या बाजूला लागतो. आमच्याकडे एक मुलगा फार सफाईने बांधतो, पण नेहमीच्या चाकूवर त्याचे काप बिघडायचे. त्याच्यासाठी नवा चाकू घेऊन उतार उलटा करून घेतला, आता त्याची कलमं छान जगतात.

धार लागली का हे बघायला मी पेपर कापत नाही. आंब्याची हिरवी काडी घ्यायची, एका ओढीत तिरका काप घ्यायचा आणि काप उजेडाकडे धरायचा. धार बरोबर असेल तर काप ओला चकचकीत दिसतो. आडव्या बारीक रेघा दिसल्या तर त्या धारेच्या खड्ड्यांच्या, पुन्हा दगडावर. आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं स्पिरिटने पुसायचं. चीक वाळला की धार असूनही चाकू अडखळतो.

श्रावणी_स

फार सुंदर प्रतिसाद! सपाट बाजूचं हे कारण माहीत नव्हतं. कुंडीतल्या गुलाबाला डोळा भरायलाही हाच चाकू लागतो का?

बागायतदार_देवगड

हो, डोळा भरायच्या चाकूला शेवटी साल उचलायची एक बोथट जीभ असते, तेवढाच फरक. तिला धार लावायची नाही. तिने साल फक्त सोडवायची असते.

रानवाट

माझी अडचण जरा वेगळी. धार लागते, अंगठ्यावरचे केस जातात, पेपर कापला जातो. पण खोक्याच्या दोन-चार पट्ट्या कापल्या की गेली. स्टील खराब आहे का? चाकू साधाच आहे, 8सीआर13एमओव्ही लिहिलंय.

कातळवाट

स्टील ठीक आहे. मला वाटतं तुमच्या धारेवर बर राहतेय.

दगडावर एका बाजूने घासत गेलं की दोन्ही उतार एकमेकांना मिळतात आणि तिथे धातूची बारीक पापडी पलीकडे वळते, हीच बर. ती दिसत नाही, लागते. अंगठा पाठीकडून धारेकडे आणि धारेच्या पुढे असा बाहेर ओढा. धारेच्या लांबीवरून अजिबात नको. एका बाजूला गुळगुळीत लागेल, दुसऱ्या बाजूला नखाला काहीतरी अडकेल. किंवा कापसाचा बोळा धारेवरून बाहेर ओढा, जिथे तंतू अडकतात तिथे बर आहे. मुठीपासून टोकापर्यंत बर आल्याशिवाय बाजू बदलायची नाही. मधेच सोडलं तर तेवढा भाग बोथटच राहतो.

गंमत अशी की ही पापडी स्वतः भयंकर धारदार असते. केस काढते, पेपर कापते. पण ती चाकूला नीट जोडलेलीच नसते, पुठ्ठा लागला की वाकते नाहीतर तुटते. तुम्ही जी धार तपासताय ती या पापडीचीच धार आहे.

काढायची अशी. बर आल्यावर बाजू बदला आणि दुसरीकडे आणा. मग दाब निम्मा करा. नंतर एक हात इकडे, एक तिकडे, दर वेळी आणखी हलका. शेवटी चाकूच्या स्वतःच्या वजनाएवढाच दाब. त्यानंतर पाठ अगदी किंचित जास्त उचलून दोन्ही बाजूंना एकेक-दोनदोन हात, धार पुढे ठेवून. याने पापडी मुळातून कापली जाते. मग चामड्याच्या पट्ट्यावर धार मागे ठेवून ओढा. जुना कमरेचा पट्टा लाकडी फळीला उलटा चिकटवला तरी चालतो, त्यावर हिरवी क्रोमियम ऑक्साइडची वडी घासा. पट्ट्यावर जोर दिला तर चामडं दबून धारेवर वर चढतं आणि धार गोल होते, हे लक्षात ठेवा.

आता दिव्याखाली धार आपल्याकडे तोंड करून धरा. नीट लागलेली धार काळी दिसते, उजेड परत येतच नाही. पांढरा ठिपका किंवा रेघ चमकली की तिथे बोथट आहे किंवा बर शिल्लक आहे.

टूलरूम

+१. कारखान्यातून आलेल्या नव्या चाकूंवरही बर राहिलेली असते. नवा चाकू आला की आधी हे बघावं.

मधुरा_लेस्टर

धागा आवडला. इथे इंग्लंडमध्ये असलेल्या आणि येणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट लिहिते. इथल्या 1988 च्या कायद्यानुसार सबळ कारणाशिवाय सार्वजनिक जागी बाळगता येतो तो फक्त घडीचा, कुलूप नसलेला आणि धारेची लांबी तीन इंचांपर्यंत, म्हणजे 7.62 सेंटीमीटरपर्यंत असलेला चाकू. पातं उघडल्यावर अडकत असेल तर तो या सवलतीत बसत नाही, मग लांबी कितीही कमी असो. कातळवाट यांचा आठ नंबर इथे दोन्ही कारणांनी चालणार नाही, लांबी जास्त आणि वर पातं अडकवणारं फिरतं कडं. ओपिनेलचे पाच नंबरपर्यंतचे छोटे चाकू बिनकड्याचे असतात. मी पर्समध्ये साधा लाल व्हिक्टोरिनॉक्सच ठेवते. जर्मनीत तर एका हाताने उघडून अडकणाऱ्या चाकूंवर वेगळं बंधन आहे, तिकडे राहणाऱ्यांनी ते बघून घ्यावं.

शिवडीचा_नाका

भारतातलं थोडं. शस्त्र नियम 2016 च्या यादीत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे आणि घरगुती, शेतीच्या, उद्योगाच्या वापरासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. आपले खिशातले चाकू त्या मापात येत नाहीत. पण दोन गोष्टी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली सण, निवडणुका, मोर्चे अशा वेळी मनाई आदेश निघतात, तेव्हा चाकू घरी ठेवावा. आणि दिल्लीत खटक्याच्या, बटणाच्या, गरारीच्या चाकूंवर 1980 पासून अधिसूचना आहे, 7.62 सेंटीमीटर लांबी आणि 1.72 रुंदीपासून पुढे. दिल्लीला जाताना बटणाचा चाकू नेऊच नये. विमानात केबिनच्या बॅगेत कुठलाच नाही, हे सगळ्यांना माहीत असेलच.

माझा प्रश्न : आमच्या भागात अजून सायकलवर सराण घेऊन धारवाला येतो. घरच्या सुऱ्या, कात्र्या त्यालाच देतो. फोल्डिंग चाकू द्यावा का?

टूलरूम

विळी, कोयता, कात्री खुशाल द्या, त्यांचा हात फार तयार असतो. छोटा पातळ चाकू देऊ नका. कारण उष्णता. कोरडं चाक वेगाने फिरतं आणि धारेला धातू इतका कमी असतो की ती क्षणात तापते. साध्या कार्बन स्टीलवर निळा रंग दिसला की धार तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास गेली. अशा चाकूंना कारखान्यात दोनशेच्या आसपास टेंपर दिलेलं असतं, त्याच्या वर गेलं की तेवढा भाग मऊ पडतो. मग कितीही लावा, धार टिकणार नाही. निळा भाग पूर्ण घासून काढावा लागतो. द्यायचाच असेल तर शेजारी उभे राहा, पाण्याचं भांडं ठेवा आणि दर हातानंतर बुडवायला सांगा.

खोबणीतून ओढायची कार्बाइडची छोटी यंत्रं मिळतात, त्यांचीही मला चीड आहे. ती धार लावत नाहीत, कडेचा धातू ओरबाडतात.

सागरवेळा

मालवणात ओपिनेल वापरणाऱ्यांना पावसाळ्यात एक त्रास होतो. मूठ बीच लाकडाची, दमट हवेने फुगते आणि पातं खाचेत घट्ट बसतं. नखाने ओढून नख मोडतं, पातं हलत नाही. यावर काही उपाय?

कातळवाट

आहे, आणि तो साव्हॉयचे लोक पूर्वीपासून करतात. कडं उघडं आहे ना ते बघा, मग मुठीचं मागचं टोक टेबलावर किंवा दगडावर ठक्कन आपटा. पात्याचं टोक धक्क्याने खाचेतून वर येतं, मग चिमटीत धरून उघडायचं. हे कडं 1955 साली आलं. त्याआधीचे ओपिनेल नुसत्या लाकडाच्या पकडीवर उभे राहत.

कायमचा उपाय पावसाआधी करायचा. उन्हाळ्यात मूठ पूर्ण कोरडी असताना खाचेत आणि सांध्यात जवसाचं तेल पाजा, पुसा, वाळू द्या, पुन्हा पाजा. वाळायला वेळ लागतो, घाई नको. तेलाचे बोळे एकत्र गोळा करून टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळे पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा. तरीही घट्ट राहिलं तर खाचेच्या आतल्या भिंती पॉलिश पेपरने किंचित घासा, किंचितच.

पातं कार्बन स्टीलचं असेल तर कैरी, कोकम, लिंबू कापल्यावर लगेच धुऊन पुसा. काळपट-निळसर रंग चढतो तो चढू द्या, गंजापासून थोडा बचावच होतो. तांबूस दिसलं की तो गंज, तो काढायचा.

बागायतदार_देवगड

दगडाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. दगड मधे खोलगट झाला असेल तर तुमचे सगळे अंश वाया. पातं खळग्यातून जाताना कोन दर हाताला बदलतो. आमचा जुना दगड वाडवडिलांपासूनचा, मधे होडीसारखा होता. जाड काचेवर पाण्याचा 120 चा पॉलिश पेपर ठेवून, पाणी घालत, दगडावर पेन्सिलच्या चौकटी आखून घासला. सगळ्या चौकटी पुसल्या गेल्या की दगड सपाट. कलमाच्या चाकूची सपाट बाजू खोलगट दगडावर कधीच सपाट राहत नाही, म्हणून आमच्याकडे हे हंगामाआधी ठरलेलं काम.

रानवाट

कातळवाट, तुम्ही सांगितलं तसं केलं. कापसाला टोकाजवळच अडकत होतं, बाकी धार साफ होती. मूठ उचलून तेवढाच भाग लावला, बर काढली, पट्ट्यावर ओढला. पुठ्ठ्याचं मोठं खोकं पूर्ण कापलं, नंतर टोमॅटोवर नुसता ठेवून ओढला तरी साल तुटली. आता 1000 वर आहे. 3000, 6000 पर्यंत नेऊ का?

कातळवाट

छान! तुमच्या कामाला नेऊ नका. 1000 ची धार जरा खरखरीत असते आणि दोर, पुठ्ठा, टोमॅटोची साल तीच नीट पकडते. 6000 ची गुळगुळीत धार लाकडाला, दाढीला आणि बागायतदारांच्या काडीला हवी. तुम्ही 1000 नंतर सरळ पट्टा घ्या. पुढच्या वेळी अडखळायला लागला की आधी पट्टाच करून बघा, त्याने नाही भागलं तर 1000 वर चार-पाच हलके हात. जाड दगड पुन्हा काढायचा तो धारेला खड्डा पडला तरच.